गोटीरामची कावड

गोटीराम गिरणीवाल्याला पंचवटीतल्या त्याच्या गल्लीत सगळे 'कावडीवाले आण्णा' म्हणायचे. हे नाव कानावर पडलं की तो मान खाली घालून दळणाच्या डब्यात बघायचा. लोकांना वाटायचं, माणूस किती साधा, नावाचाही गर्व नाही. आणि असं वाटून ते त्याला जास्तच मान द्यायचे.

तसा तो देवधर्मातला माणूस नव्हता. मूळ निफाडकडचा. लहानपणी नाशकात आला, आधी दुसऱ्याच्या गिरणीत राबला आणि मग स्वतःची टाकली. भुवयांवर कायम पिठाची साय, आवाज मोठा, कारण गिरणीच्या घरघरीत हळू बोलून भागत नाही. रामकुंड हाकेच्या अंतरावर असूनही तो तिकडे फिरकायचा तो कुणाच्या दहाव्यालाच. देवाचं सगळं खातं बायकोकडे. सगुणाबाई चांदवडची, तिच्या माहेरचं कुलदैवत वणीच्या गडावरची सप्तशृंगी. घरात काही कमीजास्त झालं की तिचे हात आधी उत्तरेकडे जोडले जायचे.

चौऱ्याण्णव सालच्या श्रावणात त्यांची थोरली मुलगी रोशनी तापाने आजारी पडली. सात वर्षांची पोर. टायफॉइड निघाला. ताप उतरायचा आणि संध्याकाळी परत चढायचा. पोरीचे केस गळाले, डोळे खोल गेले. एका दुपारी ती आईला ओळखेना, तेव्हा सगुणाबाईने खाटेच्या पायाशी बसून देवीला नवस बोलला, पोरीला उठव, येत्या कोजागिरीला हिचा बाप गोदावरीची कावड घेऊन पायी गडावर येईल. बापाला विचारायचं तिला सुचलंही नाही. पोर उठली. गणपती येईपर्यंत ती अंगणात खेळायला लागली. नवसाचं कळल्यावर गोटीराम आधी हसला, मग म्हणाला, बोललीच आहेस तर जाऊन येतो.

कोजागिरीला गडावर कावडींची रीत जुनी आहे. कुणी तापीचं पाणी आणतं, कुणी गिरणेचं, पार नर्मदेचंही आणतात. बांबूच्या दोन टोकांना दोन कलश, माणूस अनवाणी, आणि पौर्णिमेला सगळ्या नद्यांच्या पाण्याने देवीला स्नान. पंचवटीतून दरवर्षी एक जथा निघायचा. भिमाजीबाबा त्याचे म्होरके. मखमलाबादच्या बाजूला त्यांचा मळा होता, आणि तरुणपणापासून त्यांची एकही कोजागिरी चुकली नव्हती. त्रयोदशीच्या सकाळी रामकुंडावर कलश भरून झाल्यावर त्यांनी नव्या माणसांना समोर बसवलं आणि नेम सांगितले. पायात काही घालायचं नाही. एकवेळ जेवायचं. कावड जमिनीला टेकवायची नाही, विसावा घ्यायचा तर झाडाच्या फांदीला अडकवायची किंवा दुसऱ्याच्या खांद्यावर द्यायची. शेवटचा नेम त्यांनी जरा थांबून सांगितला.

"पाणी सांडलं, तर लाज धरू नका. माघारी यायचं, परत भरायचं. वेळ नाय उरला तर पुढल्या वर्षी यायचं. देवी कुठं पळून जात नाय."

गोटीरामने मान हलवली खरी, पण त्याचं लक्ष गल्लीतल्या माणसांकडे होतं. सगळी गल्ली निरोपाला आली होती. बायांनी त्याच्या पायावर पाणी घातलं, कपाळाला कुंकू लावलं, कुणी गळ्यात झेंडूची माळ घातली. गळलेल्या केसांवर टोपी घातलेली रोशनी आईचा पदर धरून बघत होती. आपल्याला एवढा मान कधी मिळाला नव्हता, हे त्याला जाणवलं आणि आवडलं.

पहिला दिवस बरा गेला. दुसऱ्या दिवशी दिंडोरी सोडली आणि त्याचे पाय बोलायला लागले. डांबर तापलेलं, तळव्याला फोड आलेले. तो मागे पडत गेला. जथ्याचा जयजयकार आधी ऐकू यायचा, मग तोही ऐकू येईनासा झाला. दोन्ही बाजूंना द्राक्षांचे मळे, छाटणीची कामं चाललेली, पण रस्त्याच्या कडेला चिटपाखरू नव्हतं. समोरून टोमॅटोचे कॅरेट रचलेला टेम्पो सुसाट आला. गोटीराम कडेला सरला, फोडावर खडी रुतली, पाय मुडपला. पुढचा कलश रस्त्यावर आपटला, मागचा त्याच्या मांडीवरून घरंगळत गेला. टेम्पो निघून गेला. तापलेल्या डांबरावर पाण्याचा ओघळ पसरला आणि बघता बघता वाळलाही.

तो बराच वेळ तसाच बसून राहिला. माघारी जायचं म्हणजे गल्लीत रिकामी कावड घेऊन जायचं. लोक बोलणार नाहीत, पण बघतील. आणि सगुणा घाबरेल. नवस फिटला नाही म्हणून पोरीसाठी जिवाला घोर लावून घेईल. हे दुसरं कारण त्याने मनात मोठं करून घेतलं. खरं कारण पहिलंच होतं, हे तेव्हाही त्याला ठाऊक होतं.

बाजूच्या मळ्यात विहिरीवरची मोटर चालू होती, पाटातून पाणी खळखळत होतं. त्याने इकडेतिकडे पाहिलं. नुसतं पाणी भरायला कुणी असं चहूकडे बघत नाही. मग तो कुंपणातून आत शिरला, पाटात दोन्ही कलश बुडवले, तोंडाला फडकं बांधलं आणि कावड खांद्यावर घेऊन चालू लागला. वजन तेवढंच होतं.

पौर्णिमेला दुपारी जथा गडावर पोचला. पायऱ्यांच्या खाली गावोगावच्या बाया ऊन पाण्याचे हंडे घेऊन बसल्या होत्या. कावडीवाला आला की त्याचे पाय धुवायच्या, फोडांवर हळद लावायच्या. गोटीरामच्या वाट्याला कळवणकडची एक म्हातारी आली. तिने त्याचे पाय परातीत घेतले, हलक्या हाताने धुतले, आणि ते मातकट पाणी ओंजळीत घेऊन स्वतःच्या डोक्यावर शिंपडलं. गोटीराम पाय मागे घ्यायला लागला. तिने घोटा धरून ठेवला. वर गेल्यावर पुजाऱ्याने सगळ्यांचे कलश एका मोठ्या घंगाळात रिते केले. गोदावरी, तापी, गिरणा, आणि त्यात दिंडोरीच्या पुढच्या कुठल्याशा पाटाचं पाणी. आता ते कुणालाच वेगळं काढता येणार नव्हतं.

रात्री चंद्र वर आला. मोठमोठ्या कढयांत दूध आटत होतं, केशर-वेलदोड्याचा वास सुटला होता. भिमाजीबाबा आपल्या माणसांना कोजागिरीचा अर्थ सांगत होते. आज लक्ष्मी चांदण्यातून फिरते आणि विचारते, को जागर्ति, कोण जागं आहे? "पण नुसते डोळे उघडे ठेवून भागत नाय," ते म्हणाले. "आपण म्हणतो ना, शब्दाला जागला, मिठाला जागला. ते जागणं ती विचारते." दुधाचा पेला गोटीरामच्या हातात होता. त्याच्याने घोट घेववेना. बाजूच्याने विचारलं तेव्हा त्याने पोट बिघडल्याचं सांगितलं.

घरी परतला तर सगुणाबाई तीर्थाची वाट बघत बसली होती. आश्विनी पौर्णिमेला थोरल्या अपत्याला ओवाळतात, त्याप्रमाणे तिने आदल्या संध्याकाळी रोशनीला नवा फ्रॉक घालून ओवाळलं होतं. तरी बाप आल्यावर तिने पोरीला पुन्हा पाटावर बसवलं आणि बाटलीतलं तीर्थ तिच्या डोळ्यांना लावलं. उरलेलं शेजारणींनी चमचा चमचा नेलं. पुढे हिवाळ्यात रोशनी चांगली गुटगुटीत झाली, आणि गोटीरामच्या कावडीला यश आहे, असं गल्लीत पसरलं.

दुसऱ्या वर्षी तो आपणहून गेला. नवसाचा प्रश्न नव्हता. मनात एवढंच होतं, की एकदा धड पाणी पोचवलं की मागचं फिटेल. त्या वर्षी त्याने एक थेंब सांडू दिला नाही. पण फिटलं नाही, उलट लोकांचा विश्वास वाढला. मग तो दरवर्षी जाऊ लागला आणि दरवर्षी मान वाढत गेला. बाळंतिणीची खोली कोणत्या दिशेला करावी, हेही लोक त्याला विचारायला लागले. बोलून टाकावं असं त्याला अनेकदा वाटायचं. भिमाजीबाबांच्या मळ्यापर्यंत तो दोनदा सायकलने गेलाही. दोन्ही वेळा द्राक्षांचा विषय काढून परत आला. जेवढी वर्षं जात होती तेवढं ते सांगणं अवघड होत होतं. आता नुसता पाटाच्या पाण्याचा प्रश्न राहिला नव्हता. इतक्या वर्षांचे रामराम आणि पाया पडणं, सगळंच परत करावं लागणार होतं.

दोन हजार तीन साली भिमाजीबाबांना अर्धांगाचा झटका आला. त्यांनी खाटेवरून जथ्याला निरोप पाठवला, म्होरकेपण गोटीरामला द्या. गोटीरामने नाही नाही म्हणून पाहिलं. ते नाही म्हणणंही लोकांनी मोठेपणातच धरलं. त्या त्रयोदशीला रामकुंडावर नव्या माणसांना नेम त्याने सांगितले. शेवटचा नेम सांगताना तो नदीकडे बघत होता.

त्याच्या पुढच्या वर्षी जथ्यात चंदर आला. पेठकडच्या डोंगरातला. पावसाळ्यात घरची भात-नागली करायची आणि एरवी नाशकात येऊन भाजी मार्केटात हमाली करायची, असा त्याचा संसार. बायकोची दोन मुलं जन्मतःच गेली होती, तिसरं जगलं म्हणून त्याची कावड. बोलायला कमी, चालायला काटक. चतुर्दशीच्या संध्याकाळी वणीत मुक्काम पडला. गोटीराम देवळाच्या ओट्यावर पाय चोळत बसला होता, तेव्हा चंदर समोर येऊन उभा राहिला. हातात दोन रिकामे कलश. कावड फांदीला अडकवताना फांदी मोडली, त्याने सांगितलं. कुणी पाहिलं नव्हतं. तो स्वतः सांगायला आला होता.

"आता काय करू, आण्णा?"

सगळा जथा गोटीरामकडे बघत होता. ओट्याच्या बाजूलाच नळ होता. भर तिथून, असं म्हणायला त्याची जीभ रेटली नाही, कारण म्होरक्याने सगळ्यांदेखत असं कसं म्हणायचं? आणि माझंही असंच झालं होतं, हे म्हणायला तर मुळीच रेटली नाही. त्याने नेम सांगितला. आवाज नेहमीपेक्षा कोरडा निघाला.

"माघारी जावं लागेल. नेम सगळ्यांना एकच."

चंदरने मान हलवली. चेहऱ्यावर राग नव्हता, गाऱ्हाणं नव्हतं. कावडीच्या दोऱ्या गुंडाळून तो नाशिकच्या एस.टी.कडे चालू लागला. आण्णा नेमाचे पक्के, असं कुणीतरी कौतुकाने म्हणालं. गोटीरामला त्या क्षणी धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं.

दुसऱ्या दिवशी गडाखाली त्याने पाय धुऊ दिले नाहीत. परात घेऊन आलेल्या बाईला बाजूला सारून तो तसाच रक्ताळलेल्या तळव्यांनी पायऱ्या चढला. त्या कोजागिरीला तो रात्रभर जागाच होता, पण अभिषेकात त्याचं मन नव्हतं. चंदर आत्ता कुठे पोचला असेल, एवढंच तो मोजत होता.

सकाळी जथा जीपने परत निघाला. वणी मागे पडली आणि दिंडोरीच्या अलीकडे समोरून एक माणूस येताना दिसला. एकटाच, खांद्यावर कावड, उन्हात डोळे बारीक केलेले. पौर्णिमेला सकाळी रामकुंडावर कलश भरून चंदर निघाला होता. सण संपला, यात्रा फुटली, तरी तो चालतच होता. जीपमधल्यांनी जयजयकार केला. गोटीरामने ड्रायव्हरला थांबायला सांगितलं, खाली उतरला आणि जीपला पुढे जायला लावलं. चपला त्याने जीपमध्येच ठेवल्या.

चंदरला वाटलं, काही निरोप असेल. गोटीराम नुसताच त्याच्या बरोबरीने चालू लागला. बरंच अंतर गेल्यावर त्याने सांगायला सुरुवात केली. टेम्पो, मुडपलेला पाय, मळ्यातला पाट, म्हातारीने डोक्यावर शिंपडलेलं पाणी, सगळं. गिरणीत मोठ्याने बोलायची सवय असलेल्या माणसाचा आवाज इतका बारीक झाला होता, की चंदरला दोनदा काय म्हणालात असं विचारावं लागलं. म्हणजे ते त्याला दोनदा सांगावं लागलं.

एका बाभळीखाली चंदरने खांदा बदलला. मग पुढे बघतच म्हणाला, "मंग मला का धाडलं माघारी?"

नेम, म्होरकेपण, लोक, सगळं गोटीरामच्या ओठांपर्यंत आलं आणि तिथेच राहिलं. इतकंच म्हणाला, "लाज वाटली."

"तेव्हा?"

"तेव्हाही. परवाही."

थोड्या वेळाने गोटीरामने कावडीसाठी खांदा पुढे केला. जरा वेळ मी घेतो, तू विसावा घे. चंदरने कावड सोडली नाही. "नको. माझ्या पोराचं पाणी हाय." तो रागाने बोलला नव्हता, आणि म्हणूनच गोटीरामला ते जास्त लागलं. मग तो मुकाट मागून चालत राहिला, रिकाम्या हातांनी. जायला उशीर होईल, तुम्ही परत फिरा, असं चंदर एकदा म्हणाला. गोटीरामने नकार दिला.

ते गडावर पोचले ती पौर्णिमेनंतरची दुसरी सकाळ. यात्रेची पालं उठत होती. झाडूवाल्या बाया पायऱ्यांवरचा कचरा लोटत होत्या. गाभाऱ्यात गर्दी नव्हती. पुजाऱ्याने कुठलं पाणी म्हणून विचारलं, चंदरने गोदावरी म्हणून सांगितलं. पुजाऱ्याने कलश घेतले आणि रोजच्या पूजेत ते पाणी घातलं. चंदरने हात जोडून डोळे मिटले. त्याचे ओठ हलत होते. गोटीराम उंबऱ्याच्या बाहेरच उभा राहिला. आत जावंसं त्याला वाटलं नाही.

नाशकात आल्यावर तो आधी मळ्यावर गेला. भिमाजीबाबांची वाचा गेली होती, पण समजत सगळं होतं. गोटीरामने त्यांच्या खाटेशी बसून सांगितलं. म्हाताऱ्याने बराच वेळ त्याच्याकडे पाहिलं आणि मग मान भिंतीकडे वळवली. ती मान परत वळेल म्हणून गोटीराम अंधार पडेपर्यंत बसला. वळली नाही. सुनेने चहा आणून ठेवला होता, तो तसाच निवला.

जथ्याला त्याने रामकुंडावर सगळ्यांसमोर सांगितलं आणि म्होरकेपण सोडलं. कुणी म्हणालं, एवढी वर्षं झाली, सोडा आता. कुणी काहीच म्हणालं नाही. कावडीवाले आण्णा हे नाव एका महिन्यात गल्लीतून गेलं. काही बाया दळण दुसऱ्या गिरणीत नेऊ लागल्या. सगुणाबाईने आठवडाभर अबोला धरला. मग एकदा भाकरी थापता थापता म्हणाली, "पाणी सांडलं ते मला सांगायचं होतं. मी काय खाल्लं असतं तुम्हाला?" दहा वर्षं तिने शेजारणींकडून नमस्कार घेतले होते. आता तेही तिला टोचत होते, आणि ते ओझं आपण तिच्या डोक्यावर दिलं, हे गोटीरामला नव्याने कळलं. रोशनी कॉलेजात होती. ती म्हणाली, "बाबा, मी डॉक्टरांच्या औषधाने बरी झाले," आणि त्याला वाटलं, पोरीने आपली समजूत घातली. पण त्याला जे बोचत होतं त्याचा पोरीच्या तापाशी काही संबंध नव्हता.

पुढच्या कोजागिरीला तो गेला नाही. त्रयोदशीला पहाटे गिरणीचं दार अर्धवट लावून बसला आणि जथ्याचा आवाज गल्लीतून जाऊ दिला. नवा म्होरक्या त्याला बोलवायला आला होता, मागून चाला म्हणाला. गोटीराम म्हणाला, बघू पुढच्या वर्षी. पुढच्या वर्षी गेला, सगळ्यांच्या शेवटी, आणि येताजाता कुणाशी फारसं बोलला नाही.

चंदर मात्र दिवाळीनंतर त्याच्याच गिरणीत येतो. डोंगरातली नवी नागली फडक्यात बांधून आणतो आणि जाडसर दळा म्हणून सांगतो. एका वर्षी पोरगंही बरोबर होतं, चालायला लागलेलं. पिठाच्या पाटीत हात घालून त्याने तोंड पांढरं करून घेतलं. चंदरने त्याला ओढून घेतलं आणि गोटीरामला म्हणाला, लय उपद्व्यापी हाय. गोटीराम हसला. दळण झाल्यावर त्याने गाठोडं बांधून दिलं, ते चंदरच्या हातात देताना त्याची नजर नेहमीसारखी गाठीवरच राहिली.